आईंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या: एएफ आणि किडनी दोन्ही असलेल्या घरातून रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावरच येते. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे आणि सोबत किडनीही दमलेली आहे, अशा माणसासाठी बाजारात ज्या गोळ्या मिळतात त्यात माझं मत अपिक्साबानला, पाचात साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो गोळीमुळे नाही, तिचा डोस ठरवताना जो गोंधळ चालतो त्यामुळे, ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, सासूबाईंची (मी आईच म्हणते) औषधं, फायली आणि डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट माझ्याकडे आहेत, त्या अनुभवावर आणि कार्डिओलॉजिस्ट (हृदयाचे) आणि नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे) दोघा डॉक्टरांचं डोकं खाऊन जे समजलं त्यावर लिहितेय. गोळी स्वतःहून सुरू, बंद किंवा बदल कुणीही करू नका प्लीज.

पेशंटची माहिती आधी देते कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला काही अर्थ नाही. वय ७७, वजन ५८ किलो, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, आकडा वाढला की किडनी कमजोर) १.६, बीपी आणि शुगर दोन्ही जुनी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला त्यात एएफ सापडलं, त्यांना स्वतःला धडधड वगैरे काहीच जाणवत नव्हती. आता या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी होते आणि ती उडून मेंदूत गेली की पॅरालिसिस (स्ट्रोक). साधारण माणसापेक्षा पाचपट धोका सांगतात. डॉक्टर या धोक्याचा चाड्स-व्हॅस्क नावाचा स्कोअर काढतात, ७५ च्या वर वय म्हणून २, बीपीचा १, शुगरचा १, बाई असल्याचा १, असे आईंचे ५ झाले. (बाई असल्याचा गुण २०२४ च्या युरोपियन गाइडलाइनने काढून टाकलाय, तरी ४ राहतातच, गोळी काही सुटत नाही.)

किडनीवाल्यांचा घोळ असा की धोका दोन्हीकडून असतो. किडनी खराब असली की गुठळी व्हायची शक्यता वाढते आणि त्याच वेळी प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) नीट काम करत नाहीत म्हणून रक्त जायची शक्यताही वाढते. म्हणून बरेच जण, घरचे पण आणि कधी कधी डॉक्टर पण, मधला मार्ग म्हणून "नुसती ॲस्पिरिन देऊया, हलकी असते" म्हणतात. आम्हालाही एका ठिकाणी हेच सांगितलं होतं. ॲस्पिरिनला माझा शून्य स्टार, निदान या कामासाठी तरी. २०११ साली ॲव्हेरोज नावाची ट्रायल झाली, त्यात वॉरफेरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) देता येत नाही अशा साडेपाच हजारावर पेशंटमध्ये अपिक्साबान आणि ॲस्पिरिनची तुलना केली, स्ट्रोक अपिक्साबानवर निम्म्याहून कमी आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणजे ॲस्पिरिनची जोखीम घ्यायची पण फायदा नाही घ्यायचा, असला सौदा कशाला. हार्टमध्ये स्टेंट वगैरे असेल तर ॲस्पिरिनचा हिशोब वेगळा, तो वेगळा विषय.

आता एकेक गोळी.

असिट्रोम, म्हणजे असिनोकुमारॉल. वॉरफेरिनचीच बहीण, आपल्याकडे वॉरफेरिनपेक्षा हीच जास्त लिहिली जाते. आईंना सुरुवातीला हीच दिली. तीन स्टार. प्लस पॉइंट आधी: स्वस्त आहे, तालुक्याच्या मेडिकलमध्ये पण मिळते, आणि रक्त किती पातळ झालंय ते आयएनआरच्या टेस्टमध्ये आकड्यात दिसतं, २ ते ३ च्या मध्ये ठेवायचं. जास्त झालं तर व्हिटॅमिन के आहे. आणि ज्यांना मायट्रल झडप अरुंद झालेली आहे (लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेले आपल्याकडे खूप आहेत) किंवा धातूची झडप बसवलेली आहे त्यांना हीच घ्यावी लागते, तिथे नव्या गोळ्यांचं (खाली येणाऱ्या डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान वगैरे) नाव काढू नका. २०२२ ची इन्व्हिक्टस ट्रायल याच संधिवाती झडपवाल्या एएफ पेशंटवर होती, साडेचार हजारांवर लोक, भारतातले पण होते, आणि सगळ्यांना वाटलं होतं नवी गोळी जिंकेल तर जुन्यावरच मृत्यू कमी निघाले. म्हणून नवी गोळी मागण्याआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का ते बघा, झडपेचं काय लिहिलंय ते विचारा.

पण किडनीच्या पेशंटला असिट्रोम म्हणजे डोक्याला ताप आहे हे मी लिहून देते. आमचं गाव कराडपासून आत आहे. सुरुवातीला आयएनआर सारखा बघावा लागतो, मग ती निळ्या टोपणाची बाटली, ती पूर्ण भरली नाही तर रिपोर्ट चुकतो, घरी येऊन सँपल नेणारा मुलगा कधी येतो कधी नाही. आणि जेवण! पालक, मेथी, अळू, कोथिंबीर सगळ्यात व्हिटॅमिन के. खाऊ नका असं नाही, रोज साधारण सारखं खा असं सांगतात, पण आपल्याकडे रोज सारखं कुठे खातात, पावसाळ्यात शेतातून पालेभाज्या आल्या की चार दिवस तेच, मग चार दिवस उसळी. त्यात नेफ्रोलॉजिस्टच्या डाएटिशियनने पोटॅशियम वाढलंय म्हणून पालेभाज्या कमी करायला सांगितल्या, बरोबरच होतं तिचं, पण पालेभाज्या कमी झाल्या की व्हिटॅमिन के कमी आणि आयएनआर लागला वर जायला, आणि कार्डिओवाल्यांना डाएट बदलल्याचं कुणी कळवलेलंच नाही. दोन डॉक्टर दोन गावांत आणि मधे फाइल घेऊन पळणारी सून, असा एकूण प्रकार.

सगळ्यात वाईट झालं ते लघवीच्या इन्फेक्शनच्या वेळी. सल्फाची गोळी, कोट्रायमोक्साझोल, लिहून दिली गेली, लिहिणाऱ्याने आधीची औषधं विचारली नाहीत आणि चार दिवसांनी आईंच्या नाकातून रक्त थांबेना. आयएनआर पावणेसहा. ॲडमिट करावं लागलं, सुदैवाने नाकावरच निभावलं. ही सल्फाची गोळी, मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीची फ्लुकोनाझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडारोन, सगळ्या आयएनआर वर नेतात आणि टीबीची रिफाम्पिसिन खाली ओढते. किडनीच्या पेशंटला इन्फेक्शन वारंवार होतात, भूक कमी-जास्त होते, त्यामुळे त्यांचा आयएनआर २ ते ३ मध्ये टिकणं बाकीच्यांपेक्षा अवघडच. शिवाय आयएनआर फार चढला तर त्यातून किडनीलाच इजा होऊ शकते आणि व्हिटॅमिन के अडवल्यामुळे रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला मदत होते, जे किडनीवाल्यांमध्ये आधीच होत असतं, हे नेफ्रोलॉजिस्टने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

जाता जाता, "ही उंदीर मारायची गोळी आहे" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो तो अर्धा खराय. १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत बुरसलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, त्यातून विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबमध्ये मूळ पदार्थ सापडला, मग वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. अमेरिकेचे प्रेसिडेंट आयझेनहॉवर यांनाही दिलं होतं. आईंना आमच्या शेजारच्या काकूंनी फक्त उंदराचा भाग सांगितला आणि मग दोन दिवस गोळी घ्यायला नकार!!

डॅबिगाट्रान. आईंना दिलीच नाही, त्यामुळे स्टार देत नाही, पण का दिली नाही ते सांगते कारण त्यातच खरी मेख आहे. ही गोळी जवळजवळ ८० टक्के किडनीवाटे बाहेर जाते. मोरीच तुंबलेली असेल तर पाणी साचणारच. युरोपात क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचा हिशोब) ३० च्या खाली असेल तर ही द्यायचीच नाही असं आहे, अमेरिकेत १५ ते ३० ला छोटा डोस मंजूर आहे पण मोठ्या ट्रायलमध्ये असे पेशंट घेतलेच नव्हते. आता आईंच्या लॅब रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचाच लॅबने काढलेला आकडा) ३३ छापलेला. म्हणजे ३० च्या वर, चालेल की, असं कुणालाही वाटेल. पण डॉक्टरांनी कागदावर जुना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचा फॉर्म्युला मांडला: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाई असेल तर वर ०.८५ ने गुणायचं. आलं २७. त्याच बाई, तेच रक्त, एक आकडा ३३ आणि दुसरा २७. या गोळ्यांच्या मुख्य ट्रायल या दुसऱ्या आकड्यावर झाल्यात, त्यामुळे डोसही त्यावरच ठरवायचा. लॅबच्या कागदावर तो नसतो. आपणच मोबाइलवर काढून डॉक्टरांना विचारायचं, "सर, क्लिअरन्स किती येतो?" म्हातारं आणि बारीक माणूस असेल तर हा फरक जास्तच पडतो.

डॅबिगाट्रानचं एक चांगलं म्हणजे रक्त थांबेना तर तिच्यासाठी उतारा आहे, इडारुसिझुमॅब, आणि ती डायलिसिसने पण काढता येते. पण कॅप्सूल फोडायची नाही, दमट हवेत उघडी ठेवायची नाही, म्हणजे आपले आठवड्याचे कप्पेवाले डबे बाद, आणि बऱ्याच जणांना पोटात जळजळ होते. किडनी धडधाकट असेल तर विचार करा, आमच्यासारख्यांनी नाही.

रिव्हारोक्साबान. साडेतीन. दिवसातून एकदाच घ्यायची हे खूप मोठं सुख आहे, हे ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना गोळ्या दिल्यात त्यांनाच कळेल. किडनीवाटे साधारण एक तृतीयांश तशीच बाहेर जाते. नेहमीचा डोस २०, क्लिअरन्स ५० किंवा खाली असेल तर १५. पण ही १५ आणि २० ची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, नुसत्या चहावर घेतली तर नीट शोषलीच जात नाही, आणि आमच्या आई रात्री अर्धी भाकरी आणि दूध, एकादशीला तर नुसतं फळ. दोघा डॉक्टरांनी याच कारणाने नको म्हटलं. त्यांचं अजून एक म्हणणं होतं की दिवसाचा सगळा डोस एकदम घेतला की रक्तातली पातळी एकदम वर चढते आणि मग उतरते, दोनदा विभागून घेतलेलं किडनीवाल्यांना जास्त सांभाळून घेतं, आणि या वयात आतड्यातून रक्त जाण्याचा अनुभव रिव्हारोक्साबानवर त्यांना जास्त आलाय. ज्यांची जेवणं व्यवस्थित आहेत आणि दोनदा गोळी घेणं जमणारच नाही त्यांना ठीक. एडोक्साबान पण असते, निम्मी किडनीवाटे जाते, आमच्याकडे कुणी लिहिली नाही म्हणून सोडून देते.

अपिक्साबान. एलिक्विस हे मूळ नाव, आता आपल्याकडे ढीगभर कंपन्यांची मिळते. किडनीवाटे फक्त २७ टक्के, बाकी लिव्हर आणि आतड्यातून. जेवणाआधी घ्या नंतर घ्या फरक नाही, मेथी खा पालक खा, आयएनआरची कटकट नाही. २०११ ची ॲरिस्टॉटल ट्रायल यावरची मुख्य, १८,२०१ पेशंट, वॉरफेरिनच्या तुलनेत स्ट्रोक २१ टक्के कमी, मोठा रक्तस्राव ३१ टक्के कमी, मृत्यू ११ टक्के कमी. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्यातल्या ज्यांचा ईजीएफआर ५० किंवा खाली होता त्यांच्यात रक्तस्रावातला फरक अजून मोठा, वॉरफेरिनच्या जवळजवळ निम्माच रक्तस्राव. म्हणजे किडनी जितकी खराब तितकी ही गोळी वॉरफेरिनपेक्षा जास्त फायद्याची ठरली, निदान त्या ट्रायलमध्ये ज्यांना घेतलं होतं त्यांच्यात. क्रिएटिनिन २.५ च्या वर किंवा क्लिअरन्स २५ च्या खाली असलेले त्यात नव्हते, हे पण लक्षात ठेवा. आई २७ म्हणजे अगदी काठावर बसतात.

आईंना बदलून आता दीडेक वर्ष झालं असेल. असिट्रोम बंद करून आयएनआर २ च्या खाली आल्यावर ही सुरू केली, दोन्ही एकत्र नाही. तेव्हापासून एकदा हिरड्यातून थोडं रक्त आणि हातावर कुठे कुठे निळे डाग, बाकी काही नाही. त्या खुश आहेत कारण सुई कमी झाली, मी खुश आहे कारण फोन कमी झाले.

आता तो कापलेला अर्धा स्टार. अपिक्साबानचा नेहमीचा डोस ५ मिलिग्राम दोनदा. अडीच मिलिग्राम दोनदा कधी, तर तीनपैकी दोन गोष्टी असतील तेव्हा: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. बस. आईंचं वजन ५८ आणि क्रिएटिनिन १.६, दोन झाल्या, म्हणून अडीच बरोबर. पण माझे मामेसासरे, ७२ वर्षं, ७० किलो, क्रिएटिनिन १.८. एकच गोष्ट लागू होते, म्हणजे ५ हवी. त्यांना मात्र "किडनी आहे ना, कमीच बरी" म्हणून अडीचवर ठेवलेलं, आणि मामा पण खुश, कमी गोळी म्हणजे कमी त्रास. हे सर्रास चालतं. कमी डोसने रक्तस्राव कमी होईलच असं नाही, पण स्ट्रोकपासूनचं संरक्षण अर्धवट राहतं, मग गोळी घेऊन उपयोग काय. मामांच्या आताच्या डॉक्टरांनी वजन करून, क्रिएटिनिन परत बघून ५ केली. (युरोपात क्लिअरन्स १५ ते २९ असेल तर बाकी काही नसलं तरी अडीच देतात, त्यामुळे डॉक्टरांनी अडीच लिहिली म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, कुठल्या कारणाने लिहिली ते विचारा.) माझा अनुभव असा की वजन कुणी करतच नाही. पेशंटला विचारतात, पेशंट दहा वर्षांपूर्वीचं सांगतो.

मेडिकलवाल्यांचा पण हात आहे यात. एकदा आईंची अडीचची स्ट्रिप संपली म्हणून एका दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली, "सेमच आहे ताई" म्हणाला, घरी येऊन बघते तर ५ ची. त्याच्याकडे अडीच नव्हती म्हणून. नाव वाचून थांबू नका, आकडा वाचा. १० गोळ्यांची स्ट्रिप पाच दिवसांत संपते त्यामुळे गावात राहणाऱ्यांनी महिन्याचा स्टॉक ठेवा, ही गोळी एकदम बंद पडली की एक-दोन दिवसांतच संरक्षण जातं. पैशाचं म्हणाल तर २०२२ मध्ये भारतातलं पेटंट संपल्यावर किमती खूप खाली आल्या, तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या छापील किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असतो, डॉक्टरांना सरळ विचारा की स्वस्तातली चांगली कुठली, त्यांना राग येत नाही. जनऔषधीत पण विचारून बघा.

आयएनआर नको म्हणजे टेस्टच नको असं मात्र नाही. आमच्या कार्डिओंनी सोपा हिशोब सांगितलाय, क्लिअरन्सला १० ने भागा, तेवढ्या महिन्यांनी क्रिएटिनिन बघा, म्हणजे आईंचं साधारण अडीच-तीन महिन्यांनी. सोबत हिमोग्लोबिन. मधेच जुलाब-उलट्या झाल्या, मे महिन्यात पाणी कमी पडलं, तर लगेच. कंबर-गुडघे दुखले की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकायची जी पद्धत आहे ती या पेशंटसाठी दुहेरी घातक, किडनी पण बसते आणि पोटातून रक्त पण जातं. आयबुप्रोफेन तसंच. आम्ही आईंच्या पर्समध्ये चिठ्ठीच ठेवलीय, "रक्त पातळ करायची गोळी चालू, किडनी २७, पेनकिलर इंजेक्शन देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल". आकडी-फिटची गोळी (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) किंवा टीबीचं औषध सुरू झालं तर अपिक्साबानचा असर कमी होतो, तेव्हा पण डॉक्टरांना सांगायचं. लसणाच्या, गिंकोच्या कॅप्सूल, "रक्तशुद्धी"च्या पुड्या, सगळं बंद. फोडणीतला लसूण चालू, त्याने काही होत नाही.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. काळी शी म्हणजे पोटात रक्त, हे सगळ्यांना माहीत असतं. पण किडनीच्या पेशंटला लोहाच्या गोळ्या असतातच आणि लोहाने पण शी काळी होते. मग रोज घाबरायचं की रोज दुर्लक्ष करायचं? नर्सताईंनी सांगितलं, डांबरासारखी चिकट आणि घाण वास असलेली असेल आणि सोबत चक्कर, दम, तर तडक हॉस्पिटल. नुसती काळपट-हिरवी आणि घट्ट असेल तर बहुतेक लोह. शंका असेल तर हिमोग्लोबिन करून मागच्या रिपोर्टशी ताडून बघा.

डायलिसिसवाल्यांसाठी माझा रिव्ह्यू लागू नाही. तिथे अजून डॉक्टरांमध्येच एकमत नाही, ज्या ट्रायल झाल्या त्या छोट्या, अमेरिकेतल्या रीनल-एएफमध्ये १५४ पेशंट आणि जर्मनीतल्या ॲक्सेडियामध्ये ९७, त्यातून ठाम काही निघालं नाही. अमेरिकेत डायलिसिसवर अपिक्साबान देतात, आपल्याकडे काही जण देतात काही नाही, आणि काही जणांना हृदयाच्या वरच्या कप्प्याला लागून असलेली, जिथे गुठळी होते ती पिशवीच कायमची बंद करायचं डिव्हाइस सुचवतात. ते खर्चिक आहे आणि मोठ्या शहरातच होतं.

दात काढायचा असेल तर स्वतःहून गोळी आठवडाभर बंद करणारे लोक मी बघितलेत. आईंची दाढ काढली तेव्हा कार्डिओ आणि डेंटिस्ट फोनवर बोलले, फक्त सकाळची एक गोळी पुढे ढकलली, डेंटिस्टने टाका घातला, कापूस दाबून ठेवला आणि रक्त पूर्ण थांबलंय हे बघून रात्रीची गोळी नेहमीच्या वेळेला दिली. दुसऱ्या दिवशी पेज, तिसऱ्या दिवशी मेथीची भाजी, आता खायला कुणाची परवानगी लागत नाही म्हणून मुद्दाम.